चार नंबरची बस

“वरदा, आता सान्वीला माझ्या हातात देत जाऊ नकोस गं. मला नाही जमत.”

सुप्रभाकाकू हे मला गेल्या ऑक्टोबरमध्ये म्हणाल्या, लंडनमधल्या ईलिंगच्या त्यांच्या घरात, मी अजून कोटही काढला नव्हता तेव्हा. मी हसले. आपल्याकडे ‘नको’ म्हटलेलं कुणी ऐकतं का? जेवणारा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडते. असं तूप काकूंनीच माझ्या ताटात कितीदा सोडलं होतं. तेव्हा “काहीतरीच काय काकू, तुमच्याइतकी ती कुणाकडेच रमत नाही,” असं म्हणत मी सान्वीला पुढे धरून उभीच राहिले. काकू मुकाट्यानं खाली गालिच्यावर बसल्या. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं, बाटली शेजारी ठेवली आणि तिच्या ओसीआय कार्डाच्या, म्हणजे भारताच्या कायमच्या व्हिसाच्या, कामाला पळाले.

दुपारी उशिरा परतले तर दोघी तिथंच होत्या. काकूंची पाठ सोफ्याला टेकलेली, सान्वी मांडीवर गाढ झोपलेली, खिडकीतल्या कढीपत्त्याची सावली दोघींच्या अंगावर. मी फोटो काढला. तेव्हापासून फोन उघडला की आधी तोच दिसतो.

काका-काकू आमचे नात्यानं कुणी नाहीत. राजीवकाका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. काकू फार्मसिस्ट होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो आणि लग्नाचा विषय निघाला की त्याचं नेटवर्क जातं. आम्ही ईलिंगला राहायचो तेव्हा त्यांचं घर आमच्या फ्लॅटच्या समोर होतं. मी पोटुशी असताना कचऱ्याची पिशवी घेऊन बिनपाशी वाकलेली दिसले, तर काकू रस्ता ओलांडून आल्या, पिशवी काढून घेतली आणि मला मराठीतून झापलं. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

सान्वीच्या वेळी माझी आई पुण्याहून आली होती, पण भावाला जुळी होणार म्हणून लवकर परत गेली. जुळ्यांपुढे एकटीचं काय चालणार. त्यानंतर सान्वीला तेल लावून न्हाऊ घातलं ते काकूंनी. त्या तिला ‘ठमाबाई’ म्हणायच्या. “ठमाबाई, आज कुणावर रागावलात?” असं विचारलं की सान्वी खरंच कपाळाला आठ्या घालायची. हे नाव त्या दोघींचं होतं. मीसुद्धा वापरत नसे.

मग माझ्या नवऱ्याला, कुशलला, ब्रिस्टलमध्ये विमानाचे पंख बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. निघताना काकूंनी शब्द दिला होता. फेब्रुवारीत माझी मॅटर्निटी लीव्ह संपली की त्या महिनाभर येऊन राहणार होत्या, कारण नर्सरीत मार्चपर्यंत जागा नव्हती. त्या शब्दावर मी निर्धास्त होते. म्हणजे माझ्या मानानं निर्धास्त. मी झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघणारी बाई आहे.

डिसेंबरात काकांचा फोन आला. फेब्रुवारीत काकूंना यायला जमणार नाही म्हणाले. ते दोघं क्रूझवर चालले होते, ब्वेनोस आयरेसहून निघून खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून चिलीपर्यंत. बरीच वर्षं मनात होतं, आता जाऊन घेतो, म्हणाले. काकूंना फोन द्या म्हटलं तर म्हणाले, ती जरा पडलीय. मी “अरे वा, मस्तच की” असं म्हणून फोन ठेवला आणि बाटल्या इतक्या जोरात घासायला लागले की कुशल किचनमध्ये आला आणि त्यानं विचारलं, “कोण गेलं?”

“काकू,” मी म्हटलं. “साउथ अमेरिकेला.”

तो हसला. मला हसू आलं नाही.

काकांनी ‘दक्षिण दिग्विजय’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात त्यांचा मुलगा, मी, कुशल आणि काकांचे दोन मित्र. जहाज निघालं आणि फोटो यायला लागले. तिथली सकाळ म्हणजे आमची दुपार. मी पुन्हा कामावर जायच्या आधीचे ते शेवटचे दिवस होते, सान्वी रांगत रांगत सॉकेटपाशी जात होती, बाहेर ब्रिस्टलचा तो करडा पाऊस, आणि फोन टिंग करून वाजायचा: राजीवकाका, ऊन, समुद्र.

पहिल्या फोटोत ब्वेनोस आयरेसमधली रंगीबेरंगी पत्र्यांची घरं होती आणि त्यांच्यापुढे दोघं. काकांनी कुठूनशी एक काळी हॅट मिळवली होती. काकूंनी डाव्या खांद्यावरून शाल घेतली होती, एवढ्या उन्हात. मी तीन बदाम टाकले आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. दोघांच्याही छातीवर एक गोल स्टिकर होता, त्यावर चारचा आकडा. जहाज बंदराला लागलं की धक्क्यावर सहलीच्या बसेस उभ्या असतात, आणि माणूस हरवला तर कुठल्या बसचा ते कळावं म्हणून हे स्टिकर लावतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जहाज कंपनीच्या साइटवर जाऊन वाचलं होतं.

“तुला होम ऑफिसनं लोकांच्या चौकश्या करायला ठेवून घ्यायला हवं,” कुशल म्हणाला.

दुसरं बंदर माँटेव्हिडिओ. या फोटोत काकांच्या छातीवर नऊ होता आणि काकूंच्या छातीवर चार. काका म्हणजे दुसऱ्या सहलीला गेले होते. आणि काकूंच्या शेजारी, अगदी खेटून, एक मुलगी. माझ्याच वयाची, केस वर बांधलेले, कानात काही नाही. तिच्याही छातीवर चार. पुढे पुशचेअर, आणि पुशचेअरमध्ये दीडेक वर्षाचा गुबगुबीत मुलगा, हातात अर्धं केळं.

काकांनी खाली लिहिलं होतं की ही देविका, केंब्रिजची, हिचा नवरा जय तिथं संशोधन करतो, आणि हा वीर. जहाजावर दुसरे मराठी भेटणं म्हणजे केवढा योग. त्यानंतर काकूंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. पूर्वी काकू मला लांबलचक मेसेज लिहायच्या, पूर्णविराम-स्वल्पविरामांसकट. हल्ली नुसते आवाज पाठवत होत्या. आवाजात त्या म्हणाल्या, “वरदा, हे बघ कोण भेटलंय. हे आमचे ठमाजीराव.”

मी तो आवाज पुन्हा ऐकला. मग सान्वीला उचलून घेतलं आणि तिला काही कळू नये म्हणून खिडकीपाशी गेले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय. मलाही कळत होतं. पण मला साइटवरचं तेही आठवलं की तिथं प्रत्येक सहलीच्या नावापुढे माणसाचं एक छोटं चित्र असतं. तीन माणसं चालत असतील तर चढ-उतार फार. एक चालत असेल तर थोडंसं चालणं. आणि माणूस बसलेला असेल तर सगळी सहल बसमधून, खिडकीतून, पुशचेअरवाल्यांना आणि चालू न शकणाऱ्यांना सोयीची. चार नंबरची बस ही दर बंदराला त्या बसलेल्या माणसाची होती. मी कुशलला म्हटलं, बघ, काकू ईलिंगमध्ये रोज पार्कला तीन चकरा मारायच्या. त्या आता बसमध्ये का बसल्या? त्या पोरासाठी. नवऱ्याला नऊ नंबरच्या बसमध्ये धाडलं आणि स्वतः त्या पोराशेजारी बसल्या.

कुशल म्हणाला की असेलही, मग काय झालं.

मग काय झालं! मला म्हणाल्या होत्या जमत नाही. मला म्हणाल्या होत्या माझ्या हातात देऊ नकोस.

पुढचं बंदर पॅटागोनियातलं. तिथं फार पूर्वी वेल्सहून लोक येऊन राहिले, त्यांची गावं अजून आहेत आणि त्या गावांत वेल्श चहाची घरं आहेत, असं काकांनी लिहिलं. फोटोत लेसचं टेबलक्लॉथ, लोकरीचं आवरण घातलेली किटली, सात प्रकारचे केक. वेल्स माझ्या घरापासून पूल ओलांडला की आहे. वेल्श चहाच प्यायचा होता तर माझ्याकडे यायचं होतं, मी सकाळ-संध्याकाळ नेलं असतं. टेबलापाशी काकू बसल्या होत्या आणि वीर त्यांच्या मांडीवर होता. देविका शेजारी, इतकी जवळ की तिचा अर्धा हात टेबलाखाली गेलेला. काकू हसत होत्या. मला त्यांचं ते हसू ठाऊक आहे, त्यात वरचा एक दात जरा पुढे येतो. सान्वी पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा त्या तशा हसल्या होत्या.

मी ग्रुपवर लिहिलं, “व्वा, काकू! हात रिकामे राहत नाहीत तुमचे!” आणि त्यापुढे एक हसरा चेहरा.

त्यावर काकूंचं उत्तर आलं नाही. काकांनी अंगठा दाखवला.

मग फॉकलंड बेटं. तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. त्या दिवशी काकांचे एकट्याचे फोटो आले: काका आणि पेंग्विन, काका आणि मेंढी, काका आणि लाल टेलिफोन बॉक्स. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखे भाव. मी विचारलं, काकू कुठे आहेत. काकांनी लिहिलं, “जहाजावर. वीर आणि देविका आहेत सोबतीला. मी जाऊन बघून येतो आणि तिला सांगतो, असं ठरलंय आमचं.”

असं ठरलंय आमचं. मी ते वाक्य कुशलला वाचून दाखवलं. जन्मात एकदा पेंग्विन बघायचे, तेही त्या परक्या पोरासाठी सोडले. कुशल लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, “वरदा, तू आता त्या दीड वर्षाच्या मुलाशी भांडतेयस.” मी म्हटलं, त्याच्याशी नाही, त्याच्या आईशी. तो म्हणाला, तिनं काय केलं? मला सांगता येईना. तिनं काहीच केलं नव्हतं. ती नुसती काकूंच्या शेजारी बसत होती. माझ्या आईच्या शेजारी भावाची बायको बसते, तशी.

त्या आठवड्यात मी देविकाला इंटरनेटवर शोधलं. मिळाली. केंब्रिजमध्येच जन्मलेली, शाळेत शिकवते, सायकलवर पुढे वीरची सीट. तिच्या फोटोंत मराठी काही नव्हतं, एक गणपती सोडला तर, आणि त्याच्यापुढे तिनं जाम टार्ट ठेवले होते. मला एकदम बरं वाटलं. हिला तेल कसं लावतात ते काय माहीत असणार. मग वाटलं, म्हणूनच काकूंना ती आवडत असेल. हिला सगळं शिकवता येतं. मला काय शिकवायचं, मी आधीच सगळं वाचून ठेवलेलं.

उश्वाया हे जगाचं टोक. काकांनी तसं लिहिलं होतं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे काळपट पाणी, चार नंबरची बस, आणि बसच्या पायरीवर वीर. त्याच्या डोक्यावर टोपडं होतं. मोहरीच्या फुलासारखं पिवळं, कानांवर गोल, हनुवटीखाली गोंडे.

ती लोकर मी निवडली होती. ईलिंगच्या दुकानात काकू म्हणाल्या होत्या, गुलाबी घेऊया, मी म्हटलं, पिवळी घेऊया, सान्वी सावळी आहे, तिला पिवळा खुलेल. ऑगस्टमध्ये आम्ही ब्रिस्टलला निघालो तेव्हा ते टोपडं सुयांवर अर्धं होतं. थंडीच्या आत पाठवते म्हणाल्या होत्या. थंडी आली, सान्वीच्या कानांवर सुपरमार्केटमधली टोपी आली, आणि मी एकदाही आठवण करून दिली नाही, कारण आठवण करून देणं मला बरं वाटेना. ते टोपडं जगाच्या टोकाला जाऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसलं होतं.

मी फोन लावला. सान्वी खाली ठोकळे आपटत होती. काकूंनी लगेच उचलला. बसमध्येच बसल्या होत्या, बाकीचे खाली उतरले होते, मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

“काय गं, ठमाबाई काय म्हणतेय?”

“ती काय म्हणणार. स्वतःचं टोपडं दुसऱ्याच्या डोक्यावर बघतेय.”

काकू थोडं हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

“काकू, मला म्हणालात जमत नाही,” मी म्हटलं. “तिकडे बरं जमतंय.”

 

“डावा हात गेला गं माझा,” त्या म्हणाल्या. “ऑक्टोबरात अर्धा होता. आता बोटं नुसती आहेत म्हणायची. पायही तोच विचार करतोय.”

मी खाली सान्वीच्या ठोकळ्यांपाशी बसले.

“टोपडं अर्ध्यावरच राहिलं होतं. हाताला काही चाळा असावा म्हणून बरोबर आणलं, तर कसलं काय. देविकानं पुरं केलं, फोनवर व्हिडिओ बघून बघून. वाकडं झालंय, जवळून बघ. आज वारा फार आहे, त्या पोराचे कान लाल झाले म्हणून घातलं तासाभरासाठी. तुझं तुला मिळेल, धुऊन.”

“मला सांगितलं नाहीत तुम्ही.”

“सांगितलं की. कोट काढायच्या आधी सांगितलं.”

“मला वाटलं तुम्ही आपलं म्हणायचं म्हणून म्हणताय.”

“हो, तसंच वाटणार. मी तरी दुसऱ्यांदा कुठं म्हटलं.” मग म्हणाल्या, “त्या दिवशी तू येईपर्यंत मी जागची हलले नाही, वरदा. ती रडायला लागली असती तर मला उचलता आलं नसतं. मी आपली मनात म्हणत होते, झोप गं बाई, झोप. शहाणी, झोपली.”

या वेळी मी विचारायला हवं होतं की डॉक्टर काय म्हणतात, आजाराचं नाव काय, औषध आहे का. काका स्वतः डॉक्टर असून आम्हाला का बोलले नाहीत. हे सगळं मी नंतर विचारलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते एवढंच: “देविकाला केव्हा सांगितलंत?”

“तिला कुठं सांगितलं,” काकू म्हणाल्या. “बसमध्ये पहिल्या दिवशी तिनं विचारलं, वीरला तुमच्या मांडीवर बसवू का. मी म्हटलं, नको, मला जमणार नाही. तर ती ‘ओके’ म्हणाली आणि त्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. झालं.”

फोन ठेवल्यावर मी वेल्श चहाचा फोटो काढून पाहिला. देविकाचा टेबलाखाली गेलेला हात वीरच्या खाली होता. सगळा भार तिच्या हातावर, काकूंच्या मांडीला नुसता स्पर्श. ब्वेनोस आयरेसची शाल डाव्या खांद्यावर. माँटेव्हिडिओलाही तीच, त्याच खांद्यावर. मी प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला होता, स्टिकरवरचे आकडे वाचले होते, आणि शाल मला दिसली नव्हती. मग फोन बंद झाला, पुन्हा उघडला, आणि वर आला तो गालिच्यावरचा फोटो. काकू त्यात हसत नाहीयेत. मी इतके महिने समजत होते की हसतायत.

दुसऱ्या दिवशी देविकाचा आवाज आला. काकूंनी नंबर दिला असावा. “हाय वरदा, मी देविका. माझा मराठी इतका चांगला नाहीय, सॉरी. तो टोपी तुझ्या मुलीचा होता ना? काकूनी सांगितला. मला माहीत नव्हता. मी पोस्ट करते केंब्रिजला आल्यावर.” आणि मग, जरा हळू आवाजात, “त्या तुझ्याबद्दल खूप बोलतात. ऑल द टाइम.”

तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं नाही. माझ्याबद्दल माझ्याशी बोलल्या नाहीत, तिच्याशी बोलल्या. आणि तिनं केलं काय होतं? इंग्लंडात वाढलेली मुलगी, कुणी ‘नो’ म्हटलं की तिला ते ‘नो’च ऐकू येतं. त्यात कसली आलीय समजूत. पण जे मला कोट काढायच्या आधी ऐकू यायला हवं होतं, ते तिला पहिल्याच बसमध्ये ऐकू आलं, आणि याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही.

फेब्रुवारी कसाबसा गेला. कुशलनं रजा काढली, मी अर्धे दिवस केले. मार्चमध्ये सान्वी नर्सरीत जायला लागली आणि मी लायब्ररीतल्या माझ्या टेबलापाशी बसून नर्सरीच्या ॲपवर तिनं गाजर खाल्लं की नाही ते बघायला लागले. टोपडं पोस्टानं आलं होतं. एका कानाचा गोल नीट होता आणि दुसऱ्याचे टाके सैल, वेडेवाकडे. सान्वीला ते आता घट्ट होतं. मी ते धुवायला टाकलं नाही.

त्याआधी, फेब्रुवारीतच, क्रूझहून काका-काकू परतल्यावर पहिल्याच शनिवारी मी ईलिंगला गेले होते. सान्वीला काकूंच्या मांडीवर ठेवलं नाही. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि तिला माझ्याच मांडीवर धरून ठेवलं. सान्वीनं हात लांबवून त्यांची शाल ओढली. “ठमाबाई, कुणावर रागावलात?” काकूंनी विचारलं, आणि तिनं आठ्या घातल्या. अजून विसरली नव्हती.

मग मी चहा करायला किचनमध्ये गेले आणि डबे शोधायला लागले. चहा, साखर, वेलदोडे, सगळं वरच्या कपाटात असतं. ते वर नव्हतं. सगळं खालच्या ओट्यावर होतं, एका हातानं उघडतील अशा डब्यांत, झाकणांवर रंगीत ठिपके लावलेले. काका म्हणाले, देविकानं केलं, मंगळवारी आली होती. आता दर मंगळवारी येणार आहे, तिला तेव्हा शाळा नसते. मी जवळजवळ वर्षभर त्या किचनमध्ये वावरले. मला डबे कुठे आहेत ते डोळे मिटून सांगता यायचं. ते खाली आणायचं मला सुचलं नसतं.

तेव्हापासून असं चाललंय. मी एक शनिवार सोडून एक शनिवार जाते. सकाळी मदतीला एक बाई येते. मंगळवारी देविका. बाकीचे दिवस काका घरात असतात, फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी काका त्यांच्या चालायच्या ग्रुपबरोबर टेकड्यांवर जातात. त्यांना जायचं नसतं. काकू त्यांना काढतात. “अहो, दोघांनी एकाच खिडकीतून काय बघायचं? तुम्ही जा आणि येऊन सांगा,” म्हणतात. संध्याकाळी काका येऊन सगळं सांगतात, कुठं चिखल होता, कुठं घार दिसली, पेशंटची हिस्टरी सांगावी तसं. जहाजावर ठरलेलं अजून चालू आहे. त्या सगळ्या दुपारी काकू एकट्या, खिडकीपाशी, चार नंबरच्या बसमध्ये बसल्यासारख्या.

गेल्या महिन्यात देविकानं मला लिहिलं की ती गुरुवारीही येऊ शकेल, दुपारनंतर, वीरला घेऊन. मी लगेच उत्तर दिलं, “थँक्स, पण गरज नाही, मी बघते काय ते.” तिला ‘नको’ म्हटलं की ती ऐकते. तिनं “ओके” लिहिलं.

मी काही बघितलेलं नाही. गुरुवारी मला रजा नाही, कुशलला नाही, ब्रिस्टलहून जाऊन-येऊन दिवस जातो. आता देविकाला पुन्हा विचारू म्हटलं तर हात फोनवर जाऊन थांबतो.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी ईलिंगमध्ये राहत असेल, तर गुरुवारी दुपारी एकदा जाऊन याल का? स्टेशनच्या मागचा रस्ता, पुढे बाहेर आलेल्या खिडकीत कढीपत्त्याची मोठी कुंडी, ती दुसऱ्या कुणाच्या खिडकीत नाही. बेल वाजवल्यावर थांबा. त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो आणि उजव्या हातानंच कडी काढावी लागते. त्या म्हणतील, “नको, कशाला उगाच त्रास.” चहा नको म्हणाल्या तर करू नका. बसू नका म्हणाल्या तर दारातच उभे राहा. बाळ बरोबर असेल तर त्यांच्या हातात देऊ नका, पण त्यांना दिसेल असं धरा. आणि त्या कशा दिसल्या ते कळवा. देविकाला नको, मला.